पाच किलोओहमच्या आत

पहिली अडचण म्हणजे तेल.
सूचनापत्रात ठळक छापलंय:
आदल्या रात्री केस धुवा, तेल लावू नका.
तरी निम्मी माणसं चपचपीत येतात.
एक काकू म्हणाल्या, डोक्याची तपासणी ना,
म्हणून मुद्दाम चोळून आले.

गंगापूर रोडला, कॉलेजच्या तळघरात
जनरेटरच्या भिंतीला भिंत लागून आमची खोली.
इथं मेंदूपेक्षा पन्नास हर्ट्झची वीजच जास्त बोलते.
शिंत्रे मॅडम म्हणतात, आधी तिला गप्प कर,
मग माणूस ऐकू येईल.

तुलनेला चार जाती.
सोन्याच्या वाट्या देखण्या,
पण संथ लाटांना त्यांचा भरवसा नाही;
रेघ हळूहळू पडद्याबाहेर चालू लागते
मांडवातून न जेवता निघालेल्या पाहुण्यासारखी.
स्पंजवाल्यांचं मिठाचं पाणी मानेवरून कॉलरमध्ये उतरतं
आणि दोन शेजारी ओले होऊन
एकच बोलू लागतात.
कोरड्या, कंगव्याच्या दातांच्या:
तीन मिनिटांत टोपी चढते, दाट केसांतून वाट काढते,
विसाव्या मिनिटाला माणूस म्हणतो, ताई, टोचतंय,
मग पडद्यावर ते टोचणंच दिसत राहतं.

चौथी चांदी. ती मी सराफ बाजारातून आणते.
दंडगव्हाळांनी पहिल्यांदा विचारलं, जोडवी की पैंजण?
म्हटलं, चकत्या. नखाएवढ्या. नक्षी नको, चकाकी नको.
मिठाच्या पाण्यात सोडून बॅटरी जोडली
की ती जांभळट होते, मग राखेच्या रंगाची.
तशी एक त्यांना दाखवली तर हात लावेनात.
"अहो, ही तर बिघडवलीत तुम्ही!"
बिघडल्याशिवाय ती नीट ऐकत नाही, काका.

चौदा क्रमांक, मुकुंद तांबट.
तांबट आळीत हंडे ठोकून कानानं थोडा जड.
ऑगस्टमध्ये त्याच्या कुरळ्या रानात
चांदी टेकवायला मला पाऊण तास लागला.
बावीस किलोओहम, अठरा, पुन्हा बावीस.
कापूस, जेल, परत कापूस.
तो हसत होता: "कल्हईआधी
भांडंपण असंच घासावं लागतं, मॅडम."

दुसरी फेरी नोव्हेंबरात.
तो आला, टोपी काढली.
डोकं गुळगुळीत, कानामागं वस्तऱ्याची लाल रेघ.
काल रामकुंडावर दहावा झाला, वडलांचा.
मी म्हटलं, पुढची तारीख देते.
"नको. घरी माणसं फार आहेत. इथं बसतो."

शेंडीच्या चार केसांना वळसा घालून
मी एकेक टेकवत गेले.
दोन. दीड. दोन.
सगळ्या पाचाच्या आत, अगदी कोरड्यासुद्धा.
डोळे मिटा म्हटलं,
आणि डोक्याच्या मागच्या बाजूला अल्फा उठला,
सेकंदाला दहा, इतका स्वच्छ
की मॅडम चहा तसाच ठेवून पडद्याशी आल्या.

सातव्या मिनिटाला पुढच्या दोन रेघा हलल्या.
मिटल्या पापण्यांखाली काहीतरी.
डोळ्यांचा आर्टिफॅक्ट. नियमानं तो तुकडा कापायचा असतो.
मी कापला.
मूळ फाईल मात्र ठेवली, का ते विचारू नका.

संध्याकाळी मॅडमनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला.
हा चालणार नाही गं,
याच्यावर चारही सारख्याच निघाल्यात.
तक्त्यात "केसांचा प्रकार" असा रकाना आहे:
दाट, विरळ, कुरळे, तेलकट.
मी रेघ मारून पुढं लिहिलं, नाहीत.

जाताना त्यानं नळाखाली डोकं धरलं,
एका हातात सगळं जेल निघालं.
"फेब्रुवारीपर्यंत येतील परत," म्हणाला,
मी केसांबद्दल विचारलं नसतानाही.
मी वही उघडली:
क्रमांक चौदा, फेब्रुवारी,
पाऊण तास धरून.